तिरपा काप

चार फांद्या कमी होत्या. गुणवंत हिवरकरनं त्या मोजायच्या असं ठरवून मोजल्या नव्हत्या. सकाळचा चहा घेऊन तो मागच्या अंगणात आला, कोपऱ्यातल्या पिवळ्या झुडपाकडं नजर गेली, आणि काहीतरी कमी आहे एवढं त्याला आधी कळलं. काय कमी आहे ते नंतर. फरीदाबादला ट्रॅक्टरच्या कारखान्यात त्यानं इन्स्पेक्शन खात्यात एकतीस वर्षं काढली होती. समोर येईल त्या वस्तूत काय चुकलंय हे त्याचे डोळे आपोआप शोधत, आणि नोकरी सुटली त्या दिवशी ओळखपत्राबरोबर डोळेही गेटवर जमा करून घ्यायची काही सोय नव्हती. त्यानं कप भिंतीवर ठेवला आणि गुडघ्यावर हात टेकून तो वाकला. जुलैतली दमट, कोंदलेली सकाळ होती. झुडपाच्या आतल्या अंगाला, बाहेरून सहज दिसू नयेत अशा जागी, चार कोवळे शेंडे कापलेले होते. तुटलेले नव्हते. बकरीनं ओढले असते तर साल लोंबली असती. चेंडू काढताना पोरांनी मोडले असते तर फांदी चिरफळली असती. इथं काप तिरपा होता, पंचेचाळीस अंशांच्या जवळ जाणारा, पानांच्या जोडीच्या बरोबर पाव इंच खाली, आणि चारही ठिकाणी सारखा. कापणाऱ्याच्या हातात धारदार पातं होतं, त्याला घाई नव्हती, आणि आपण काय करतोय ते त्याला नीट ठाऊक होतं. गुणवंतनं एका कापावर बोट फिरवलं. बोटाला ओल लागली. म्हणजे तासाभरातलंच काम. त्यानं झटकन वर पाहिलं. खुराणांच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, पलीकडं अर्धवट बांधलेल्या तिमजली इमारतीचे उघडे खांब, आणि कुणीच नाही.

गुडगावच्या या सेक्टरमध्ये राहायला येऊन त्यांना चार वर्षं झाली होती. आले तेव्हा तिन्ही बाजूंना मोहरीची शेतं होती. आता रोज कुठंतरी लोखंडाच्या सळ्यांचा ट्रक रिकामा होत असे आणि त्या आवाजानं खिडकीच्या काचा थरथरत. कारखान्यात नवी यंत्रं आली, मोजमाप कॉम्प्युटर करू लागला, आणि दीड वर्षापूर्वी ‘स्वेच्छा’ हा शब्द ठळक छापलेला एक कागद गुणवंतपुढं सहीला आला. तेव्हापासून तो घरी होता. घर दिवसा कसं असतं हे त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा कळत होतं. अकरा वाजता फ्रीज गुरगुरतो, साडेबाराला समोरच्या बंगल्यातली मोलकरीण निघते, दोन ते तीन अहिल्या आडवी होते पण झोपत नाही. आपली बायको म्हणजे एक खातं आहे, त्याचं कामकाज तीस वर्षं आपल्यावाचून बिनबोभाट चाललेलं आहे आणि आता आपण तिथं खुर्ची टाकून बसलोय, असं त्याला वाटे. त्या खात्यातला सर्वांत न समजणारा भाग म्हणजे हे झुडूप. अडीच वर्षांपूर्वी अहिल्यानं ते काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलं होतं. पहाडातलं आहे म्हणाली, सोलनकडचं. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी घराची सावली पडेल असा कोपरा तिनं आधीच हेरून ठेवला होता. पहिल्या हिवाळ्यात त्याचं पान न् पान गळलं, नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा तो म्हणाला होता, “मेलंय ते. काढून टाक.” तिनं नखानं एका काडीची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं. “झोपलंय,” ती म्हणाली. फाल्गुनात त्या काड्यांना जी पानं फुटली ती हिरवी नव्हतीच. हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी पिवळीजर्द. सगळं अंगण उजळलं. खुराणांची बायको कुंपणावरून डोकावून म्हणाली होती, “भाभीजी, इसको पीलिया हो गया है क्या?” झाडाला कावीळ म्हटलेलं ऐकून अहिल्या हसली होती. पण मे महिन्यात लूचं गरम वारं सुटलं की त्या पानांच्या कडा करपत, तेव्हा ती दोरीवर ओलं गोणपाट टांगून आडोसा करी, बुडाशी कडुनिंबाचा पाचोळा वीतभर पसरी, आणि उन्हं उतरल्यावर आळ्यात बारीक धारेनं पाणी सोडून शेजारी पाटावर बसून राही. यंदाच्या एप्रिलात त्याला सात-आठ पांढरी फुलं आली, संत्र्याच्या मोहोरासारख्या वासाची. ती गळाल्यावर तिनं सर्वांत जुन्या, जाड फांद्या बुडापासून कापल्या. “फुलणारं झाड कुणी कापतं का?” त्यानं विचारलं होतं. “फुलून झालं की लगेच कापायचं. पुढच्या वर्षीची फुलं यंदा वाढलेल्या फांदीवर येतात. उशीर केला तर तीच कापली जातात.” हे इतकं नेमकं तिला कुणी सांगितलं, असं त्यानं तेव्हा विचारलं नव्हतं. आता, बोटाला लागलेली ओल अंगठ्यानं पुसताना, त्याला तो प्रश्न पडला.

पण लगेच तिच्यावर जायचं नाही, आधी बाहेरचं निपटायचं, ही जुनी शिस्त. त्यानं तिला काही सांगितलं नाही. खुराणाबाईंना झाड आजारी वाटतं. आजार आपल्या गुलाबांना लागू नये म्हणून त्या कापून टाकत असतील. त्यांचा माळी मंगळवारी येतो. माळ्याकडं चाकू असतो. पण आज शुक्रवार होता, आणि माळ्यानं कापलं असतं तर बाहेरच्या फांद्या कापल्या असत्या, आत हात घालायचे कष्ट घेतले नसते. मागच्या फाटकाला त्यानं घोट्याच्या उंचीवर शिवणाचा पांढरा दोरा बांधला, कुंपणाच्या पडलेल्या भागाशी दुसरा. मग झुडपाच्या उरलेल्या फांद्या मोजून आकडा दिनदर्शिकेच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहिला. हे करताना त्याला बरं वाटत होतं. दीड वर्षानं प्रथमच सकाळी कामावर निघाल्यासारखं वाटत होतं. दोन दिवस काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी तो दाढी करायला बसला तेव्हा पात्यांच्या पुडीत तीनच पाती होती. पुडी पाचाची, परवा उघडलेली, वापरलेलं पातं एक. तो पुडी हातात धरून आरशात बघत राहिला. साबणाचा फेस गालांवर वाळून ताणायला लागला. मग तसाच उठून अंगणात गेला. दोन्ही दोरे जागच्या जागी होते, एकावर तर कोळ्यानं जाळं धरलं होतं. झुडपाचे आणखी तीन शेंडे गेले होते.

म्हणजे घरातून.

अहिल्या ओट्याशी उभी राहून भेंडी चिरत होती. त्यानं दारातून तिच्या पाठीकडं पाहिलं. ही पाठ तो चौतीस वर्षं पाहत आला होता आणि तिच्यावरून त्याला कधी काही कळलं नव्हतं. “आज काय विशेष?” त्यानं विचारलं. “कशाचं?” ती म्हणाली. “काही नाही.” विचारायचं नाही, नजर ठेवायची, विचारलं की माणूस सावध होतो. त्यांच्या मुलीच्या वेळी त्यानं हेच केलं होतं. क्षिप्रा कॉलेजात असताना तिला येणारी पत्रं तो वाफेवर धरून उघडायचा आणि परत चिकटवायचा. पत्रांत काही नसायचं, वसतिगृहातल्या जेवणाच्या तक्रारी आणि मैत्रिणींची टिंगल. मग त्याला वाटायचं, एवढं काहीच नाही म्हणजे ही काही सांकेतिक भाषा असणार. एक दिवस एका पाकिटात नुसता कोरा कागद निघाला. त्यानंतर पत्रं बंद झाली. क्षिप्रा आता बंगलोरला होती, दर रविवारी फोन करायची, आणि त्यानं उचलला तर “बाबा, आई आहे?” एवढंच म्हणायची. ‘निगराणी’ म्हणजे काय, असं तिनं लहानपणी विचारलं होतं. फरीदाबादला वाढलेल्या पोरीला त्याचा हिंदी अर्थ ठाऊक होता, मराठी नव्हता. त्यानं सांगितलं होतं, निगराणी म्हणजे काळजी घेणं. ते उत्तर त्याला आता, भेंडीच्या चिकट वासात उभं असताना, का आठवावं ते त्याला समजेना.

गुरुवारी अहिल्या म्हणाली, “मी जरा दिल्लीला जाऊन येते, मंडळात. चारपर्यंत येईन. आमटी झाकून ठेवलीय.” मंडळ म्हणजे महाराष्ट्र मंडळाच्या बायकांचा भजनाचा वर्ग, महिन्या-दोन महिन्यांतून ती जायची. तिच्या हातात कापडी पिशवी होती, आणि पिशवीच्या तळाशी, अगदी नव्या पैशाएवढा, पाण्याचा डाग होता. ती गेल्यावर पाचच मिनिटांनी त्यानं चप्पल घातली. गुडगावच्याच राजीव चौकात ती दिल्लीकडं जाणाऱ्या बसकडं वळलीच नाही. हमरस्ता ओलांडून तिनं मानेसरची शेअर ऑटो पकडली. तिच्या मागच्या ऑटोत तो मागच्या बाजूला, रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगारांत मांड्या आवळून बसला. मनात काय काय येत होतं ते स्वतःशी नीट उच्चारायचीही लाज वाटत होती. पंचावन्न वर्षांची बाई, सुती साडी, मधुमेहाच्या गोळ्या, आणि तरीही ते येतच होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नव्या कारखान्यांच्या लांबच लांब भिंती चालल्या होत्या, प्रत्येक भिंतीपुढं कोवळ्या हिरवळीचा पट्टा आणि एका मापानं कापलेली झुडपं. कालपर्यंत इथं बाजरी होत असेल. एका भिंतीच्या टोकाला, हिरवी जाळी बांधलेल्या रोपवाटिकेशी अहिल्या उतरली. तो पुढच्या वळणावर उतरून मागं चालत आला आणि चहाच्या टपरीआड उभा राहिला. कुंड्यांच्या रांगांमधून एक माणूस बाहेर आला, त्यानं अहिल्याच्या हातातून ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली. अहिल्या न सांगता आत जाऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, आपल्याच घरी बसावी तशी. त्या माणसानं ओल्या वर्तमानपत्राची गुंडाळी उघडली आणि आतल्या फांद्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. कानशिलं पांढरी, अंग वाळलेलं. पण उभं राहताना डावा खांदा खाली पडत होता. जड ट्रे उचलून उचलून पडलेला खांदा. तो विनायक ढवळे होता.

चहावाल्यानं दोनदा विचारलं तेव्हा गुणवंतनं चहा घेतला आणि तो गार होईपर्यंत तसाच धरून ठेवला. आठ वर्षं झाली होती. विनायक त्याच्याच हाताखाली इन्स्पेक्टर होता, फरीदाबादच्या क्वार्टर्समध्ये दोन घरं सोडून राहायचा. गणपतीत दोघं मिळून मखर बांधायचे. अहिल्या आणि विनायकची बायको वृंदा एकमेकींकडं वाटीनं विरजण नेत. मग एकदा स्टीअरिंगच्या भागांची एक खेप, जी नापास व्हायला हवी होती, पास होऊन पुढं गेली. प्रत्येक नगावर सतरा नंबरचा शिक्का होता, आणि सतरा नंबर विनायकचा. पुरवठादाराच्या माणसाबरोबर विनायकला चहा पिताना गुणवंतनं दोनदा पाहिलं होतं. एवढ्यावर त्यानं अहवाल लिहिला: ‘जाणूनबुजून.’ हा एकच शब्द त्यानं खोडून परत लिहिला होता. चौकशी झाली, विनायकची नोकरी गेली, महिन्याच्या आत क्वार्टर सोडावं लागलं. शिक्के ठेवायच्या ड्रॉवरचं कुलूप तीन महिने बिघडलेलं होतं, कुणीही हात घालू शकत होतं, हे गुणवंतला ठाऊक होतं. दुरुस्तीच्या अर्जावर त्याचीच सही होती. ते त्यानं अहवालात घातलं नाही. मुद्दाम वगळलं असंही नाही. त्या दिवशी त्याला इतकी खात्री होती की कुलपाचा विचार मधे येऊन उगाच अक्षर बिघडवेल असं वाटलं. सामानाचा ट्रक भरत होता त्या दुपारी तो घरात आडवा पडून छताकडं बघत होता. अहिल्या थर्मास घेऊन बाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं रिकामा थर्मास घेऊन आली. तिनं काही सांगितलं नाही, त्यानं काही विचारलं नाही.

“कशी झाली भजनं?” संध्याकाळी त्यानं विचारलं. “झाली छान,” अहिल्या म्हणाली आणि पाय धुवायला गेली. पुढचे पाच दिवस त्यानं फक्त एकाच गोष्टीचा विचार केला: विनायकला काय हवंय? आठ वर्षांपूर्वी उठवलेल्या माणसानं आपल्या अंगणात एक झाड पाठवावं, तेही असलं, भर उन्हाळ्यात जपावं लागणारं, हिवाळ्यात मेल्याचं सोंग घेणारं. यामागं काही नसेल हे शक्य नव्हतं. अहिल्याला त्यानं काय काय सांगितलं असेल? ती अडीच वर्षं रोज त्या झाडाशेजारी बसते तेव्हा मनात काय असतं तिच्या? ती रात्री ताट वाढते, गोळ्या काढून देते, मच्छरदाणी खोचते, आणि तिला सगळं ठाऊक असतं. की ती मला तपासतेय? एकदा त्याला वाटलं, झाडाच्या बुडाशी काहीतरी पुरलेलं आहे. वाटलं आणि लगेच त्याला स्वतःचं हसू आलं. पण हसू गेलं आणि ते वाटणं राहिलं. बुधवारी अहिल्या खुराणांकडं सत्संगाला गेली तेव्हा त्यानं कोपऱ्यातलं फावडं उचललं. पाचोळा बाजूला केला. खालची माती काळी, भुसभुशीत, गांडुळांनी भरलेली होती. अडीच वर्षांत ही माती तिनं बनवली होती, इथली मूळची माती विटकरी आणि कडक. वीतभर, दीड वीत. मुळांचं जाळं लागलं, फावड्याखाली ती करकर तुटत होती, आणि तुटलेल्या मुळांचा ओला, कच्च्या बटाट्यासारखा वास येत होता. मुळांखाली मूळ पिशवीचा काळा तुकडा निघाला, एक गोटा निघाला. बाकी काही नव्हतं. तो घामानं निथळत, खड्ड्यात गुडघे रोवून बसला होता आणि त्याचे हात आणखी खाली चालले होते. मग त्यानं भराभर माती लोटली, पाचोळा पसरला, फावडं धुऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झुडपानं मान टाकली. पिवळी पानं ओल्या चिंध्यांसारखी लोंबायला लागली. अहिल्या पाटावर बसली, तिनं पाचोळा उचलला, मातीवर हात ठेवला. गुणवंत स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होता. ती बराच वेळ उठली नाही. मग आत आली, हात धुतले, पुसले आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली.

“काय शोधत होतात?” तिनं विचारलं.

त्यानं उत्तर तयार ठेवलं होतं, घूस, उंदीर, असलं काहीतरी. पण तिच्या आवाजात राग नव्हता. डॉक्टर विचारतात तसं ती विचारत होती.

“तू त्याच्याकडं जातेस,” तो म्हणाला. “मी पाहिलं. मानेसरला.”

“हो.”

“खोटं सांगून.”

“हो. खरं सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?” ती म्हणाली. “नर्सरीत गुलाब बघायला म्हणून गेले होते, तर वृंदा समोर. मला बघून ती आत निघून गेली. ढवळ्यांनी मात्र पाणी दिलं, आणि निघताना हे झाड हातात दिलं. सोलनला पाच वर्षं नर्सरीत काम करत होते, तिथून आणलेली तीन झाडं होती, त्यातलं एक. त्यांची दोन यंदाच्या उन्हाळ्यात गेली. शंभर रोपं मागितलीत एका कंपनीनं, आतल्या अंगणासाठी, आणि कलमं करायला झाडच नाही. आपलं तेवढं एक उरलं होतं. म्हणून फांद्या नेत होते मी.” तिनं टेबलावरचा मिठाचा कण बोटानं टिपला. “उद्या माझ्याबरोबर चला. मुळं कितपत तुटलीत ते तुम्हालाच ठाऊक. तुम्हीच सांगा त्यांना.”

रात्रभर त्याला वाटत राहिलं की हाही बेत असेल. तरी सकाळी तो निघाला. न जावं तर मग काय, हे त्याला सुचत नव्हतं. विनायक जाळीखाली वाळूच्या वाफ्याशी उकिडवा बसला होता. गुणवंतला बघून तो दचकला नाही; हात झटकून उभा राहिला आणि म्हणाला, “या, साहेब.” जाळीपलीकडं पत्र्याची खोली होती, तिच्या दारात वृंदा तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली, गुणवंतकडं पाहिलं, ताट उचललं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं. अहिल्या तिच्यामागं गेली. दोघं पुरुष हिरव्या, पाण्यातल्यासारख्या उजेडात उभे राहिले.

“वहिनी फोनवर म्हणाल्या मुळांना इजा झालीय. किती खोल गेलात?”

“दीड वीत.”

“सगळीकडून?”

“भिंतीकडची बाजू राहिली.”

“मग बघू. वरचा तिसरा हिस्सा कापून टाका, पानं कमी झाली की मुळांवरचा भार कमी होतो. काप तिरपा घ्या, पाणी साचत नाही. गोणपाटाचा आडोसा चारी बाजूंनी. पाणी थोडं, पण रोज. खत अजिबात नाही, आजाऱ्याला पुरणपोळी नको.” तो खाली वाकून वाफ्यातल्या काड्यांवर झाकलेली काचेची बरणी सरळ करू लागला. सात काड्या होत्या, अहिल्यानं दोनदा कापलेल्या. एकीच्या टोकाला मोहरीएवढा पिवळा ठिपका दिसत होता. गुणवंत त्या ठिपक्याकडं बघत होता. समोरचा माणूस इतका सरळ बोलतोय, म्हणजे मनात नक्की काहीतरी आहे, असं त्याच्या डोक्यात सवयीनं चाललंच होतं; आणि त्याच वेळी, खूप दिवस एकाच कुशीवर झोपल्यावर हात बधिर व्हावा तसं, त्या सवयीतलं काहीतरी त्याला जाणवेनासं झालं होतं.

“ढवळे,” तो म्हणाला. “ड्रॉवरला कुलूप नव्हतं. मी ते अहवालात लिहिलं नाही.”

“ठाऊक आहे. मला प्रत मिळाली होती.”

“तो शिक्का तू मारला होतास का?”

विनायक उठला. गुडघ्याला लागलेली वाळू त्यानं झाडली. शेजारच्या कारखान्यात पाळी बदलल्याचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत तो थांबला.

“साहेब, चौकशीच्या आदल्या दिवशी मी तुमच्या केबिनबाहेर पावणेदोन तास उभा होतो. तुम्ही आत होता. दार अर्धं उघडं होतं. मला वाटलं, बोलावतील, विचारतील. तेव्हा विचारलं असतंत तर जे असेल ते सांगितलं असतं.”

“आता सांग.”

“आता नाही. आता त्या उत्तराची गरज तुम्हाला आहे. मला नाही.” हे बोलताना त्याचा आवाज कडवट झाला नाही, आणि म्हणून ते ऐकणं अधिक जड गेलं. मग त्यानं आडोशासाठी दोन जुनी गोणपाटं गुंडाळून, सुतळीनं बांधून गुणवंतच्या हातात दिली. “नळाचं पाणी गरम येतं दुपारचं. ते नका घालू.”

ते झुडूप वाचलं, पण ते कळायला पुढचा फाल्गुन उजाडायचा होता. त्या दिवशी हमरस्त्याच्या कडेला ऑटोची वाट बघत उभं असताना गुणवंतच्या हातात फक्त शेणखताचा वास येणारी ती गोणपाटं होती. कंपन्यांच्या बसेस धूळ उडवत जात होत्या, खिडक्यांना टेकून कामगार झोपलेले. अहिल्यानं पदर नाकाला लावला होता. वृंदाशी तिचं आत काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही. तिचे डोळे लाल होते.

“तुला सांगितलं असेल त्यानं,” तो म्हणाला. “खरं काय झालं ते.”

“नाही.”

“अडीच वर्षं जातेस. एकदाही विषय निघाला नाही?”

“ते एकदा सांगायला लागले होते. मीच नको म्हटलं.”

“का?”

अहिल्या रस्त्याकडं बघत होती. तिनं पदर खाली घेतला.

“त्यांनी केलं असेल, तर मला इथं येता आलं नसतं,” ती म्हणाली. “आणि केलं नसेल, तर मला घरी येता आलं नसतं.”

ऑटो आली. आत आधीच पाच जण होते. अहिल्या चढली, शेजारच्या बाईला “थोड़ा सरकिए, बहनजी” म्हणाली आणि स्वतःही आत सरकली. बाहेरच्या कडेला अर्ध्या माणसापुरती जागा झाली. गुणवंत गोणपाटं छातीशी धरून खालीच उभा होता. ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.

“बसा,” अहिल्या म्हणाली. “दुसरी लवकर यायची नाही.”

तो बसला. एक पाय बाहेर राहिला.